जमिनीखालच्या तारा

या सदरात आजवर आपण घरातल्या फ्यूजपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत नाना प्रकारच्या बिघाडांची चिकित्सा केली. घरगुती यंत्र बिघडले म्हणजे ते बहुधा बंद पडते, आणि बंद पडलेले यंत्र आपले गाऱ्हाणे आपणच सांगते. परंतु काही बिघाड याहून कपटी असतात. त्यांत यंत्र बंद पडत नाही. उलट मापकाच्या काट्यावर ते पूर्वीपेक्षा अधिक निरोगी दिसू लागते. अशा एका बिघाडाशी गेल्या हिवाळ्यात माझी गाठ पडली. त्याचा उलगडा होण्यापूर्वी मी स्वतः त्याला शाबासकी देऊन बसलो होतो, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

विषय हौशी रेडिओचा आहे. दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना मिळवलेली माणसे आपल्या घरातून, नेमून दिलेल्या लहरींवर, एकमेकांशी बोलतात किंवा मोर्सच्या लिपीत संदेश पाठवतात. यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. यात पैशाचा व्यवहार नसतो. शिकण्याचा आणि दूरच्या माणसाशी गाठ पडण्याचा आनंद तेवढा असतो. आपल्या इंदूरकरांना या छंदाचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. आजची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९४८ मध्ये आपल्या महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये, अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया या नावाने जन्मली. हा छंद निव्वळ खेळ नव्हे, याचा प्रत्यय डिसेंबर २००४ मध्ये आला. त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साधनांनी तेथील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवली.

आता प्रत्यक्ष हकीकतीकडे वळतो. महूच्या छावणीत सिग्नलच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर इंदूरच्या वेशीवर घर बांधून राहिले होते. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी साठ फुटांचा, तीन पायांचा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी टॉवर स्वतःच्या देखरेखीखाली उभा केला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. बापलेक दोघेही परवानाधारक. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी हा टॉवरच १६० मीटरच्या लहरीसाठी अँटेना म्हणून वापरावयास घेतला आणि त्या मोसमात देशभर गाठीभेटी केल्या. पुढे चैत्रात ते गृहस्थ वारले. कार्तिकात मुलाने यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा त्याची हाक कोणालाच ऐकू जाईना. महिनाभर खटपट करून तो कंटाळला, आणि एके दिवशी मला म्हणाला, “सर, टॉवर उतरवून टाकावा म्हणतो. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला आहे.”

त्याच्या बोलण्यात त्रागा नव्हता, याचेच मला अधिक वाईट वाटले. वडिलांच्या हातची वस्तू आपल्या हातात आल्यावर मुकी झाली, असे त्याच्या मनाने घेतले होते. मी त्याला आठ दिवसांची मुदत मागितली.

बिघाड समजण्यासाठी या अँटेनाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. हॅम मंडळींच्या नेहमीच्या वापरातली १६० मीटर ही सर्वांत लांब लहर. जुन्या रेडिओवरचा मीडियम वेव्हचा पट्टा संपतो, त्याच्या थोडी पलीकडे, सुमारे १.८३ मेगाहर्ट्झवर ती असते. मीडियम वेव्हवर दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री लागत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तोच स्वभाव हिचा. दिवसा वातावरणाचा एक थर तिला शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहर दूरवर जाते. उन्हाळ्या-पावसाळ्यात विजांचा कडकडाट कानठळ्या बसवतो, म्हणून हिचा खरा मोसम म्हणजे हिवाळ्यातील रात्री.

अडचण उंचीची. अशा लहरीसाठी उभी अँटेना लहरीच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ४१ मीटर किंवा १३४ फूट उंच असावी. घरगुती टॉवर एवढा कोठला असणार? तथापि टॉवरच्या माथ्यावर दुसऱ्या लहरींसाठी लावलेली मोठी आडवी अँटेना असली, म्हणजे विजेच्या दृष्टीने टॉवर प्रत्यक्षापेक्षा उंच वागतो आणि काम भागते. दुसरी अडचण अशी की, टॉवरचे पाय काँक्रीटमध्ये रोवलेले आणि अर्थिंगला जोडलेले असतात. तसे ते असावेतच. वीज पडली तर तिला जमिनीत जावयास वाट हवी. परंतु जे आधीच जमिनीला जोडलेले आहे, त्याच्या बुंध्याशी यंत्राची वीज कशी द्यावयाची?

यावर तोड अशी. टॉवरच्या पायथ्याशी वीज न देता टॉवरपासून दोन-तीन फूट अंतर राखून एक जाड तार खालून वर न्यावयाची, आणि पुरेशा उंचीवर ती टॉवरला क्लॅम्पने जोडावयाची. दाराचे उदाहरण घ्या. बिजागरीला चिकटून दार ढकलले तर जोर लागतो फार आणि दार हलते थोडे. कडेला ढकलले तर ते बोटानेही हलते. जमिनीला जोडलेला टॉवरचा पाय ही बिजागरी समजा. आपल्या हाताच्या ताकदीला जुळेल अशी मधली जागा शोधून तेथे धक्का द्यावयाचा, हे त्या तारेचे काम. तारेच्या खालच्या टोकाशी एका डबीत वेरिएबल कपॅसिटर असतो. जुन्या वाल्वच्या रेडिओत स्टेशन लावावयाचा जो गँग कंडेन्सर असे, तोच. लांब तारेच्या अंगी एक प्रकारचा अडथळा असतो. गँग फिरवून तो खोडून काढता येतो. यंत्राकडून आलेल्या कोॲक्सियल केबलचा आतला धागा गँगला आणि बाहेरची जाळी टॉवरच्या पायाला जोडली, की जुळणी पुरी झाली. हिला शंट-फीड म्हणतात.

यात एक भागीदार डोळ्यांना दिसत नाही. विजेचा प्रवाह मंडल पुरे केल्यावाचून वाहत नाही. टॉवरवर चढलेला प्रवाह आसपासच्या जमिनीतून पायथ्याशी परत यावा लागतो. माती ही विजेची फार चांगली वाट नव्हे. तिच्यातून येताना प्रवाहाची पुष्कळशी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चोहीकडे तांब्याच्या तारा पसरून, मातीखाली जेमतेम झाकून ठेवतात. शेतभर पडलेले पाणी पाटांनी विहिरीकडे आणावे, तसा या तारा प्रवाह गोळा करून आणतात. त्यांना रेडियल म्हणतात. त्या गृहस्थांनी प्रत्येकी साठ फुटांच्या चोवीस रेडियल पुरल्या होत्या, आणि टॉवरच्या पायाभोवतीच्या तांब्याच्या कड्याला त्या डाक देऊन जोडल्या होत्या.

आता फसगतीकडे येतो. कार्तिकात मुलाने यंत्र लावले तेव्हा एस.डब्ल्यू.आर. मीटर २.८ दाखवू लागला. पाठवलेल्या शक्तीपैकी किती भाग अँटेनाकडून नाकारला जाऊन परत येतो, हे हा मीटर सांगतो. काहीच परत आले नाही तर आकडा १. जसजसे अधिक परत येईल, तसतसा आकडा मोठा. मुलगा कमरपट्टा बांधून टॉवरवर चढला, तारेचा वरचा क्लॅम्प पाच फूट खाली घेतला, गँग पुन्हा जुळवला, आणि मीटरवर १.१ आणले. वडिलांना कधीही १.३ च्या खाली जाता आले नव्हते! त्याने मला फोन केला, आणि मी शाबासकी दिली. आकडा सुधारला एवढेच आम्ही पाहिले; तो आधी बिघडला का होता, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

वास्तविक तो मीटर खोटे बोलत नव्हता. आपण त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देत होता. पोस्टमनने पत्र परत आणले नाही, म्हणजे ते पोहोचलेच असे नव्हे. ते वाटेत कोठे हरवलेही असेल. शक्ती परत आली नाही एवढेच मीटर सांगतो. ती आकाशात गेली की मातीत मुरली, हे त्याला ठाऊक नसते. प्रत्येक हॅमच्या टेबलावर डमी लोड नावाची एक डबी असते. तिच्यात ५० ओहमचा रोधक असतो. तिला यंत्र जोडले की एस.डब्ल्यू.आर. अगदी १ येतो, आणि आवाज मात्र शेजारच्या गल्लीतही धड पोहोचत नाही. मीटरच्या दृष्टीने तिच्याहून उत्तम अँटेना जगात नाही.

रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. बिघाड शोधताना सोप्याकडून अवघडाकडे आणि जमिनीवरून उंचीकडे जावे, असा माझा शिरस्ता आहे. प्रथम यंत्रालगत डमी लोड जोडला. शंभर वॉट बरोबर निघत होते. यंत्र निर्दोष ठरले. मग तोच डमी लोड आणि वॉटमीटर केबलच्या दुसऱ्या टोकाशी, टॉवरच्या पायाशी नेऊन जोडला. ही पायरी पुष्कळजण गाळतात. केबलमध्ये पाणी शिरले तर ती शक्ती स्वतःच गिळते, आणि परत येणारा भागही गिळत असल्यामुळे घरातल्या मीटरवरचा आकडा उलट चांगला दिसतो. येथे नव्वदाहून अधिक वॉट पोहोचत होते. केबलही निर्दोष.

तिसरी पाळी डबीची. शंभर वॉटचे यंत्र ५० ओहमच्या जुळणीत सुमारे १.४ अँपिअर प्रवाह पाठवते. गँग २५० पिकोफॅरडवर असेल, तर त्याच्या पात्यांमध्ये सुमारे ५०० व्होल्टचा दाब उभा राहतो, आणि क्षणोक्षणी तो ७०० पर्यंत चढतो. रेडिओतल्या गँगची पाती फार जवळ असतात. धूळ आणि दमट हवा मिळाली की त्यांत ठिणग्या उडतात. एका पात्यावर काळा डाग सापडलाही. पाती ब्रशने साफ केली, डबीच्या झाकणाला नवे रबर लावले. परंतु मापनात फरक पडला नाही.

चौथी पाळी वरच्या जोडणीची. टॉवरवर चढणे हे जोखमीचे काम. कारणावाचून करू नये. म्हणून आधी खालूनच परीक्षा घेतली. यंत्र बंद करून केबल सोडली आणि मल्टिमीटरची एक सळी तारेच्या खालच्या टोकाला, दुसरी टॉवरच्या पायाला लावली. तार वर जाऊन टॉवरला मिळते आणि टॉवर खाली येतो, म्हणजे हे एक वेटोळेच झाले. ते अखंड असेल तर रोध जवळजवळ शून्य यावा. तसा तो आला. वरचा क्लॅम्प आणि टॉवरचे सांधे यांत उघड तुटातूट नव्हती. माथ्यावरच्या अँटेनाच्या केबली आणि तिला फिरवणाऱ्या मोटरच्या वायरी टॉवरला लगटून खाली येतात. त्यांच्या जाळ्या पायथ्याशी टॉवरला जोडलेल्या आहेत का, हेही पाहिले. त्या सुट्या असल्या तर त्यांवरून प्रवाह घरात शिरतो आणि सगळी मापने बिघडवतो. तेथेही सर्व ठीक होते.

दुपार झाली होती. मी मुलाला म्हणालो, “वडिलांची वही काढ.”

ती वही म्हणजे फौजी शिस्तीचा नमुना होता. अँटेना प्रथम जुळवली त्या दिवशीची नोंद सुबक अक्षरांत होती: १.८२० वर १.९, १.८३० वर १.३, १.८४२ वर २.०. मी मुलाला आजचे आकडे घ्यावयास सांगितले. १.८२० वर १.३, १.८३० वर १.१, १.८५० वर १.५. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या, आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. वडिलांच्या वेळी यंत्र थोडे बाजूला सरकवले की आकडा झरझर चढत होता. आज तो चढतच नव्हता. एवढ्या लांब लहरीसाठी एवढा ठेंगणा टॉवर वापरला, तर त्याची जुळणी अरुंदच असली पाहिजे. घंटा चांगली असेल तर तिचा एकच सूर घुमतो. तिच्यावर ओले फडके टाकले म्हणजे तो विशिष्ट सूर मरतो आणि नुसता बद्द आवाज येतो. आमच्या घंटेवर कोठेतरी ओले फडके पडले होते. शक्ती कोठेतरी मुरत होती. आणि तपासावयाचे राहिले होते ते एकच ठिकाण, जमीन.

मी विचारले, “मातीवर नुसती तार टाकून पाहिलीस का कधी?”

“पाहिली ना, सर. पंधरा दिवसांपूर्वी चार तारा टाकून पायथ्याला जोडल्या. पण आकडा एक पॉइंट सातवर गेला, म्हणून काढून टाकल्या.”

वाचकहो, औषध हातात आले होते आणि थर्मामीटरला ते आवडले नाही म्हणून रोग्याने ते फेकून दिले होते. जमिनीखालची व्यवस्था पुरेशी असेल, तर चार तारांची भर घालून मापनात विशेष फरक पडत नाही. आकडा एवढा हलला, याचा अर्थच असा की जमीन उपाशी होती आणि त्या चार तारांनी तिची भूक थोडी भागली. एकूण रोध घटला, पूर्वीची जुळणी मोडली, म्हणून काटा चढला. त्या क्षणी चढलेला काटा हीच शुभवार्ता होती. चार तारांनी ऐकणाऱ्याकडे झालेला फरक थोडाच होता, त्यामुळे तोही कोणाच्या ध्यानात आला नाही.

समजुतीसाठी थोडे गणित मांडतो. अशा टॉवरची, शक्ती आकाशात फेकण्याची कुवत १० ओहम धरा आणि जमिनीतला अपव्यय ८ ओहम. शंभर वॉटांतले सुमारे ५५ वॉट आकाशात जातील. आता तारा निकामी होऊन अपव्यय ४० ओहम झाला, तर आकाशात जातील फक्त २०. क्लॅम्प खालीवर करून आणि गँग फिरवून एस.डब्ल्यू.आर. दोन्ही प्रसंगी १.१ करता येईल! आधीच गोंगाटाच्या काठावर असलेली हाक निम्म्याहूनही खाली गेली, की ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती नाहीशीच होते. मुलगा म्हणत होता की यंदा रेडिओत खरखर कमी आहे, ऐकावयास बरे वाटते. तेही याच रोगाचे लक्षण होते. जी अँटेना कमी फेकते, ती कमी गोळा करते.

कुदळ घेऊन आम्ही पायथ्याची माती उकरू लागलो, तेव्हा घरातून त्याच्या आई बाहेर आल्या. आम्ही काय शोधतो आहोत हे कळताच त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात तांब्याच्या तारांचे तुकडे नीट वेटोळी करून ठेवलेले होते.

“सर, हेच का ते?” त्यांनी विचारले. “आषाढात मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले, तेव्हा कुदळीला लागत होत्या. मला वाटलं, जुन्या वायरी आहेत. यांनी काहीच टाकून दिलेलं आवडायचं नाही, म्हणून ठेवल्या.” मग मुलाकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझ्यामुळेच झालं का रे सगळं?”

मुलगा काही बोलला नाही. त्या घरात ती जागा रिकामी पाहवेना म्हणून या माउलीने तेथे भाजी लावली होती, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मी म्हणालो, “वहिनी, आधी सगळं उकरून पाहू. दोष कोणाचा, ते नंतर.”

आणि खरोखरच पूर्ण उकरल्यावर चित्र निराळे दिसले. चोवीसपैकी पंधरा तारा कुदळीने तुटल्या होत्या, हे खरे. परंतु राहिलेल्या नवांपैकी सहा नुसत्या ओढताच कड्यापासून निखळून हातात आल्या. मातीत पुरलेला साधा डाक ओल्या जमिनीत टिकत नाही. तो भुसभुशीत होतो, आणि सांध्यावर हिरवी पूड तेवढी राहते. त्यात आपली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते, आणि तिच्यात अडकलेल्या तारेला दर वर्षी हिसके देते. वाफे केले नसते, तरी आणखी एक-दोन वर्षांत त्या सगळ्या तारा सुटल्याच असत्या. मी त्या सुटलेल्या तारांची टोके वहिनींना दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, “म्हणजे यांचंही चुकलं होतं तर.” त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा थोडे हसू आले.

दुरुस्ती दोन रविवारांत झाली. सर्व सांधे जमिनीच्या वर आणले. तांब्याच्या पट्टीला भोके पाडून, लग्ज चढवून, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी बत्तीस नव्या रेडियल जोडल्या. तांबे आणि जस्त ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त झिजते. म्हणून पट्टी आणि टॉवरचा पाय यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घातला. तारा वाफ्यांच्या कडेकडेने, दोन बोटे खोल चिरीत बसवल्या. रेडियल अगदी सरळच असली पाहिजे असे नाही. कुंपणाशी वळवली तरी ती आपले काम करते. एकही वाफा मोडावा लागला नाही. मग मुलाने क्लॅम्प पुन्हा वडिलांच्या जागी, पंचेचाळीस फुटांवर चढवला. केबल सोडलेली, यंत्राची किल्ली माझ्या खिशात, त्याच्या कमरेला पट्टा, आणि खाली मी उभा. या तारेच्या आसपास यंत्र चालू असताना हात गेला तर कातडी भाजते, म्हणून ही सावधगिरी सोडू नये. त्याचप्रमाणे वादळी हवेत केबल यंत्रापासून काढून ठेवावी, आणि टॉवरजवळून विजेच्या खात्याच्या तारा जात असतील तर तेथे हा उद्योगच करू नये.

शेवटचा आकडा आला १.४. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “राहू दे. याला हात लावू नकोस.” बाजूची मापने घेतली, तेव्हा आकडे वडिलांच्या वेळेप्रमाणेच झरझर चढू लागले. घंटेवरचे फडके निघाले होते.

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो. जमिनीला जोडलेल्या मनोऱ्याला बाजूच्या तारेने वीज देण्याच्या पद्धतीचे सविस्तर विवेचन मॉरिसन आणि स्मिथ या अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केले. यांतले स्मिथ म्हणजे अशा जुळणीचे गणित सोपे करणारा, त्यांच्याच नावाने चालत आलेला ‘स्मिथ चार्ट’ काढणारे. त्याच महिन्यात, त्याच नियतकालिकात, ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन या तिघांचा दुसरा एक निबंध आला. शेकड्याच्या घरात तारा पुरून, त्यांची संख्या आणि लांबी बदलत, जमिनीखालच्या व्यवस्थेचा परिणाम त्यांनी प्रत्यक्ष मोजला होता. वीज कशी द्यावी हे पहिल्या निबंधात आहे, आणि दिलेली वीज कोठे जाते हे दुसऱ्यात. आपण हौशी लोक पहिला निबंध डोक्यावर घेतो, कारण त्यातल्या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि मीटरवर मोजता येतात. दुसरा मातीखाली राहतो.

पौषातल्या एका रात्री साडेदहाच्या सुमारास मुलाने मोर्सच्या चावीवर हाक दिली. दुसऱ्या की तिसऱ्या हाकेला वडोदऱ्याहून उत्तर आले. ते गृहस्थ त्याच्या वडिलांचे जुने रेडिओमित्र. त्यांनी आवाजाचा दर्जा कळवला, आणि पाठोपाठ विचारले की हा टॉवर तोच ना? मुलाने ‘तोच’ असे कळवले. नंतर हैदराबादहून एकजण आले, मग केरळातून. वहिनी दारात शाल पांघरून उभ्या होत्या. मोर्स त्यांना कळत नाही. पण चाळीस वर्षे त्या कट्-कडकट्च्या सोबतीने काढल्यामुळे कोणी बोलते आहे आणि कोणी उत्तर देते आहे, एवढे त्यांना बरोबर कळते. थोड्या वेळाने त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवला.

शाळेच्या कार्यालयात माझ्या मागच्या भिंतीवर दहावीच्या निकालांचे तक्ते टांगलेले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे पाहताना मला त्या १.१ ची आठवण झाली. गतवर्षीपेक्षा निकाल वाढला की आपण पेढे वाटतो. तो का वाढला, आणि मुलांच्या मुळाशी काय चालले आहे, हे उकरून पाहावयास वेळ काढावा लागतो. तो काढावा असे मी ठरवले आहे. पाहू कितपत जमते.

ज्या घरांत असा टॉवर असेल, त्यांनी दर वर्षी पावसाळा संपताच दोन कामे करावीत. एक, रेडियलचा प्रत्येक सांधा हाताने ओढून पाहावा. दोन, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एस.डब्ल्यू.आर. मोजून तारखेसह वहीत लिहावा, आणि मागच्या वर्षाच्या ओळीशी ताडून पाहावा. आकडा कारणावाचून बिघडला तर शोध घ्यावाच. कारणावाचून सुधारला, तर अधिक कसून घ्यावा.

भंगारवाल्याला नकार कळवला आहे. वहीत वडिलांच्या आकड्यांच्या खाली मुलाने नवी ओळ लिहिली आहे, आणि तिच्या शेवटी, कंसात, वाफ्यांचा नकाशा काढला आहे. कोणत्या वाफ्याच्या कोणत्या कडेने तार जाते, हे पुढच्या आषाढात वहिनींना कळावे म्हणून.